पाठ

पहाटे चार वाजता मी वळ उठवायला बसते.
लेटेक्सचा एक थर, वर टिश्यू, वर पुन्हा लेटेक्स,
हेअर ड्रायरची गरम हवा,
मग चिमट्याने मधोमध फाडायचं, कडा उचलायच्या,
आत बीट आणि मक्याच्या पाकाचं रक्त.
एका वळाला अकरा मिनिटं.
पटकथेत सतरा फटके आहेत.

दाल्वानिरा पालथी पडून असते, हनुवटीखाली उशी.
तिला पाठ करायला काही नाही.
मालकिणीला चार पानं संवाद, धाकट्या मालकाला सहा,
पाद्र्यालासुद्धा एक लांबलचक वाक्य आहे देवाच्या दयेवर.
दाल्वानिराच्या वाट्याला पाठ, नुसती पाठ.
यादीत नाव: गुलाम बाई, तिसरी.

पाराइबा खोऱ्यातली ही कॉफीची गढी आता हॉटेल आहे.
गुलामांच्या कोठड्यांत मसाज करून मिळतो.
सोमवार ते गुरुवार आम्ही, शुक्रवारपासून लग्नं.

मालकिणीचं काम करणारी एउलालिया
माझ्याच खुर्चीत बसते, साडेसातला.
एकविसाव्या भागात तिचा नवरा तिला मारतो.
तिला दोन बोटं निळा रंग, डोळ्याखाली, पुसट.
"दिसला पाहिजे, पण शोभलाही पाहिजे," ओतावियानो म्हणतो.
तिथे कॅमेरा दाराबाहेर थांबतो.
दार लागतं. काच फुटल्याचा आवाज. व्हायोलिन.
मोठ्या घरची अब्रू.

दाल्वानिराला दार नाही.
तिला भर अंगणात, उन्हात, आधी क्रेनवरून,
मग जवळून, मग आणखी जवळून,
इतक्या जवळून की ती बाई उरत नाही,
पोपडे धरलेली भिंत होते.
मग कॅमेरा वळतो खिडकीतल्या धाकट्या मालकाकडे.
त्याच्या गालावरचा थेंब, तोही मीच लावते,
ग्लिसरीनचा.
रात्री नऊ वाजता अख्खा देश त्याच्यासाठी रडेल.

वीस वर्षं झाली. हात बसलाय माझा.
जखमांसाठी बक्षीसही मिळालं एकदा.
आईने ते फ्रीजवर ठेवलंय,
तोंड भिंतीकडे करून.

आज चौथ्या वेळी, आसूड हवेत असताना
(रबराचा आहे, तरी लागतो)
दाल्वानिरा वळली. नुसती मान.
रांगेत मध्येच घुसणाऱ्याकडे बघावं
तसं तिने कॅमेऱ्याकडे बघितलं.
"कट! बाई, तुझा चेहरा या प्रसंगात नाही."
"मग कुठल्या प्रसंगात आहे?"
कुणीतरी खोकलं.
अदेमिल्सन आसूड गुंडाळत बसला, परत सोडत, परत गुंडाळत.
पोरगा चांगला आहे, दर वेळी आधी माफी मागतो.
पाचव्या वेळी ती वळली नाही.
तिचं दोन महिन्यांचं भाडं थकलंय.

संध्याकाळी बदामाच्या तेलाने मी वळ सोडवते.
दुधावरच्या सायीसारखे निघतात.
खाली तिची पाठ: एक तीळ,
ब्राच्या पट्ट्याची रेघ,
खांद्यामागे लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण.
ही खरी खूण मात्र रोज सकाळी झाकावी लागते.
काळाशी जुळत नाही म्हणतात.

"एकसष्टाव्या पानानंतर माझं काय होतं गं?"
"पुढे नाहीस तू."
"मेले?"
मी पानं चाळली. धाकट्या मालकाचं लग्न,
बंदरावरचा निरोप, मालकिणीचा पियानो.
"तसं काही लिहिलेलं नाही."
"मग पळाले असणार," शर्टाची बटणं लावत ती म्हणाली.
"रात्रीच. डोंगराच्या अंगाने.
त्या दुसरीला घेऊन. तिचे पाय मजबूत आहेत."

बार्रा दो पिराईची बस सहा चाळीसची.
पिशवी काखेत मारून ती धावत सुटली,
पाठमोरी, फाटकापर्यंत, फाटकाबाहेर.

मी ब्रश धुतले.
उद्या सतराचे चौदा करीन.
मोजतंय कोण.